कोंडवाड्यातला बोर्ड

मी एक जुना पत्र्याचा बोर्ड आहे. मित्रांनो, माझ्यावर काय लिहिले आहे ते एवढ्यात वाचू नका. आधी माझ्या कडा पाहा. मला टांगायची भोके पाहा. माझ्यावर रंगाचे थर किती आहेत ते नखाने खरवडून पाहा. वाचायचे सगळ्यात शेवटी.

तुम्हाला हा सल्ला विचित्र वाटेल. बोर्डानेच सांगावे की बोर्ड वाचू नका. पण आयुष्यभर लोकांनी मला आधी वाचले आणि नंतर पाहिले. सगळा घोटाळा त्या क्रमातच झाला.

तेव्हा खालून सुरुवात करू.

निळा थर

माझा जन्म शिरूरचा. तेलाचे एक रिकामे पिंप कापून, ठोकून सपाट केले आणि त्याला लाकडी चौकट मारली. तो मी. हरिबा पेंटरने मला लाल प्रायमर दिला, मग निळा रंग. दोरीला खडू चोळून त्याने रेघा पाडल्या आणि पांढऱ्या अक्षरात लिहिले:

*सिंधूबाई शिवण क्लास. कापड स्वतःचे आणावे. फी महिन्याच्या शेवटी. पोर कडेवर घेऊन येऊ नये.*

नाव सोडले तर यातली एकही ओळ गिऱ्हाइकाला आवडेल अशी नाही. क्लासला येणाऱ्या एका बाईने तसे सिंधूबाईंना सुचवलेही होते.

"बोर्डावर जरा गोड लिवायचं की वो, बाई. चार बाया जादा येत्याल."

"गोड खायचं आसंल तर हलवायाकडं जा," सिंधूबाई म्हणाल्या. "हितं मी काजं करायला लावते. काजं गोड नसत्यात."

त्या दर सोमवारी मला ओल्या फडक्याने पुसत. जाणारे-येणारे हरिबाचे अक्षर वाखाणत. मला वाटे, बोर्ड असेच असतात. जे आत आहे ते बाहेर सांगतात, आणि आतले कष्ट आधी सांगतात.

नव्वदचे दशक सरत आले तेव्हा सिंधूबाईंचे डोळे गेले. सुईत दोरा जाईना. क्लास बंद झाला आणि मी भंगाराच्या दुकानात, एका मोडक्या पंख्याखाली पालथा पडलो. पालथ्या बोर्डाला कोणी वाचत नाही. ती माझ्या आयुष्यातली निर्धोक वर्षे होती, हे मला पुढे कळले.

पिवळा थर

एक माणूस आला. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट, हातात रेक्झिनची बॅग. त्याने मला उचलले, हाताने तोलले आणि भंगारवाल्याला विचारले, "याहून हलका नाही का?" सगळ्यात हलका मीच निघालो.

मी पत्रा आहे, मला मन नसावे. पण शंका मला तेव्हाच आली. बोर्ड मोठा हवा, मजबूत हवा, ठळक हवा असे लोक म्हणतात. हलका हवा असे कोण म्हणतो? ज्याला तो उचलून न्यायचा आहे तो.

त्याचे नाव सतीश. लोकांनी त्याला 'सर' म्हणावे अशी त्याची इच्छा होती आणि लोक म्हणतही. त्याने मला पुन्हा हरिबाकडेच नेले. हरिबाने मला ओळखले. चौकटीवरून हात फिरवत म्हणाला, "हा तर शिवण क्लासवाल्या बाईंचा."

"आता माझा आहे," सतीश म्हणाला. "सगळं झाकून टाका. पिवळा मारा. लांबून दिसलं पाहिजे."

अक्षरे काढून झाली. हरिबाने विचारले, "फोन नंबर कुठला टाकू?"

"तो खडूने लिहा."

"खडूनं? बाकी समदं आईलपेंटात आन् नंबर तेवढा खडूत? पाऊस आला म्हंजी?"

"पाऊस यायच्या आत बदलायचाच आहे तो."

हरिबाने ब्रश रॉकेलच्या डब्यात बुडवला आणि म्हणाला, "सर, माझे पैशे आधी द्या." त्याने आधी दिले. सतीशकडून आधी पैसे घेणारा हरिबा हा मी पाहिलेला एकुलता एक माणूस.

आता माझ्यावर काय होते ते वाचायला हरकत नाही. पण एका दमात वाचू नका. मी मध्ये मध्ये बोलणार आहे.

*घरबसल्या कमवा.*
घरी बसा, म्हणजे ऑफिसात येऊन चौकशी करू नका.

*शिक्षणाची अट नाही. अनुभवाची अट नाही. वयाची अट नाही.*
सिंधूबाई काजे करायला लावण्याआधीसुद्धा हात पाहायच्या. ज्याला कशाचीच अट नाही त्याला तुमच्या कामाशी घेणे काय? मग घेणे कशाशी?

*माल आम्ही देऊ. तयार माल आम्हीच घेऊ.*
देणारे तेच, घेणारेही तेच. मध्ये दुकानदार नाही, गिऱ्हाईक नाही, बाजार नाही. तुमचा माल चांगला की वाईट हे सांगणारा तिसरा माणूसच नाही.

*मर्यादित जागा. त्वरा करा.*
घरी बसून करायचे काम, आणि जागा कसली मर्यादित? घर तुमचे आहे.

*नाममात्र अनामत.*
हे सगळ्यात खाली, सगळ्यात बारीक अक्षरात. हरिबाने विचारले होते, एवढे बारीक कशाला. सतीश म्हणाला, जागा उरली नाही. जागा उरली होती. मी तो पत्रा आहे, मला माहीत आहे.

काम पेन्सिली डब्यात भरायचे होते. शिरूरच्या एसटी स्टँडजवळ एक खोली भाड्याने घेतली होती. बायका आल्या, कॉलेजची मुले आली, एक रिटायर शिपाई आला. अनामत दिली, पावती घेतली. पेन्सिली 'पुढच्या आठवड्यात' यायच्या होत्या.

मी खिळ्यांनी ठोकलेला नव्हतो. मला दोन भोकांतून तार घालून टांगले होते. एका सकाळी सतीशने स्टुलावर चढून तार सोडवली, मला चादरीत गुंडाळले आणि टेम्पोत टाकले. खोलीतले टेबल तिथेच राहिले, खुर्च्या तिथेच राहिल्या. त्या भाड्याच्या होत्या. पहिला निघाला तो बोर्ड. चादरीच्या आतून मला भीमेच्या पुलावरचा आवाज ऐकू आला. नदीच्या अलीकडे मी पिवळा होतो. पलीकडे दौंडला उतरलो आणि त्याच दिवशी मला

(इथे पत्रा गंजला आहे. एवढेच गेले आहे, फार नाही.)

केशरी थर

*दीपकळा गृहउद्योग केंद्र. वाती बनवा, घर उजळा.*

खाली पुन्हा तेच घरबसल्या, तीच अनामत. दौंडचा पेंटर दुसरा होता. त्याने काही विचारले नाही.

या वेळी काम होते समईच्या वाती वळण्याचे. अनामत भरून एक लहान मशीन घ्यायचे. पत्र्याचा डबा, आत दोन रूळ, बाहेर एक दांडी. कापूस केंद्राने द्यायचा, वाती केंद्रानेच घ्यायच्या. पेपरात जाहिरात आली, केबलवर पट्टी फिरली. स्टेशनापासून जवळच एका गाळ्यावर मला टांगले, पुन्हा तारेने. तार ढिली होती म्हणून मी थोडा पुढे झुकलेला असे आणि खालचे बाकडे मला दिसे. आतले दिसत नसे, पण ऐकू येई.

त्या बाकड्यावर पूनम पहिल्यांदा बसली ते साल दोन हजार दोन-तीनचे असावे. मांडवगण फराट्याकडच्या एका वस्तीवरची ती सून. वस्तीवरची घरे पूर्वी मेंढरे घेऊन फिरणाऱ्यांची, आता शेतात स्थिरावलेली. तिथल्या बायकांनी बचत गट काढला होता आणि दहावी झालेली म्हणून पूनमला सचिव केले होते. गटाचे पैसे म्हणजे वस्तीचा दवाखाना, वस्तीचे बाळंतपण, कोणाची अडीनड. त्याशिवाय दुसरे पैसे त्या बायकांच्या हाताशी नव्हते.

मित्रांनो, पूनम भोळी नव्हती. भोळ्या माणसांनाच फसवतात असे तुम्हाला कोणी सांगितले तर त्याच्यावरही संशय घ्या. तिने पेपरातले कात्रण पर्समधून काढून टेबलावर ठेवले आणि विचारले.

"माल घेणार कोण?"

"कंपनी," सतीश म्हणाला.

"कंपनी कुठंय?"

"पुण्यात."

"पुण्यात कुठं?"

"आता मॅडम, पुणं केवढं मोठं. तुम्हाला काय सांगायचं."

"मी दोन वर्सं भोसरीला राह्यलेय."

"मग तुम्हाला माहीतच आहे सगळं," सतीश हसून म्हणाला.

पाहिलेत? तिने विचारले, त्याने तिला शहाणी म्हटले, आणि प्रश्न टेबलावर तसाच पडून राहिला. शहाणी म्हटल्यावर माणूस पुन्हा तोच प्रश्न विचारत नाही.

तरी ती सावध होती. गटाच्या पैशाला हात न लावता तिने स्वतःच्या पैशातून एकच मशीन घेतले. पहिला माल पास झाला तर गटाने मशिने घ्यायची, असे ठरले होते. निघताना सतीशने तिच्या हातात वातींचा एक पुडा दिला.

"हे कंपनीचं सॅम्पल. असाच माल पाहिजे. सांभाळून ठेवा, हरवू नका."

आता पास-नापास कसे करत ते ऐका. भाग्यश्री नावाची दौंडचीच एक मुलगी तिथे कामाला होती. बायकांनी आणलेले पुडे ती पडद्यामागे नेई. पडद्यामागे पंख्याचा आवाज येई. कपबशीचा आवाज येई. पुड्याचा दोरा सोडल्याचा आवाज मी कधी ऐकला नाही. पिशवी उघडताना प्लॅस्टिक कुरकुरते, ते कधी कुरकुरले नाही. चहा संपला की पुडे बाहेर येत, प्रत्येकावर लाल चिठ्ठी: नापास.

पूनमचा पहिला माल असाच परत आला. सतीशने तिला आत बोलावले आणि आवाज खाली आणला.

"मॅडम, राग मानू नका. तुमचा हात जड आहे. वात दाबली जाते. मशीनचा दोष नाही. पण मोठं मशीन घेतलंत तर हाताचा प्रश्नच येत नाही. गटातर्फे घ्या, सवलत देतो."

आवाज खाली आणला, हे लक्षात ठेवा. दुसऱ्या कोणाला तिची चूक कळू नये म्हणून, जणू तिच्यावर उपकारच.

ती बाहेर आली आणि पुडे पदराखाली घेऊन बाकड्यावर टेकली. शेजारी केडगावची आक्काबाई बसली होती, तिच्याही पदराखाली पुडे होते. पलीकडे आणखी दोघी. सगळ्यांचे पदर सारखेच फुगलेले. कोणी कोणाकडे पाहिले नाही. मी वरून सगळ्यांना पाहत होतो. मला जमले असते तर मी तेव्हाच खाली पडलो असतो, तेवढाच आवाज मला करता येतो. पण तार ढिली असली तरी सुटत नव्हती.

तिसरी फेरी

पूनम पुन्हा आली तेव्हा तिच्यासोबत तिची सासू तानुबाई होती. डोक्यावर पदर, हातात काठी, कमरेला चुन्याची डबी, चुनाळू. दोघी एसटीतून उतरून चालत आल्या होत्या. पूनमच्या पिशवीत वर वातींचा नवा माल होता आणि त्याखाली, रुमालात बांधलेले, गटातल्या कुशाबाईकडून आणलेले गटाचे सगळे पैसे.

भाग्यश्री माल आत घेऊन गेली. दोघी बाकड्यावर बसल्या. आक्काबाई तिथे होतीच, मागच्या वेळच्या त्या दोघीही होत्या.

"कुशाबाईला काय सांगून पैशे काढलंस?" तानुबाईने विचारले.

"मोठ्या मशिनीवर माल जादा निघतो म्हणून सांगितलं."

"आन् नापास झालेलं?"

पूनम खाली बघत म्हणाली, "ते न्हाई सांगितलं, आत्या. हसत्याल. म्हणत्याल, सचिव झाली आन् साधी वात वळता येईना."

"तिच्या लेकीचं दिस भरत आल्यात. उद्या नड पडली तर काय देशील?"

"तवर कंपनीचे पैशे येत्याल की."

"यिऊ दे बाई," तानुबाई म्हणाली आणि तंबाखूत चुना मळत बसली. "मला तर त्या मशिनीपरीस माझी मांडी बरी वाटती. वात कशी, गुमान वळती."

आतून हाक आली. पूनम आत गेली. मला रुमालाची गाठ सुटल्याचा आवाज आला, आणि पावतीपुस्तकाचे पान उलटल्याचा. त्याच वेळी भाग्यश्रीने पडदा सारून पुडे बाहेर आणले आणि तानुबाईच्या पुढ्यात ठेवले. सगळ्यांवर लाल चिठ्ठ्या.

तानुबाई पुडे उचलून पाहू लागली. एकेक बाजूला ठेवत गेली. मग एकावर थांबली. तो तिने उलटा केला, उजेडात धरला. त्याच्या दोऱ्याच्या गाठीवर गेरूचा बोटभर ठिपका होता.

"ए पोरी," तिने भाग्यश्रीला हाक मारली. "ह्यो मागारी का आणलास?"

"नापास आहे, आजी. चिठ्ठी लावलीय."

"आगं, पर ह्यो आमचा न्हाई. ह्यो तुमचाच हाय. साहेबानं नमुना म्हणून दिल्याला."

भाग्यश्रीने पडद्याचा काठ धरला.

मित्रांनो, त्या वस्तीवरची रीत तुम्हाला सांगायला हवी. मेंढरे चारताना दुसऱ्याचे मेंढरू कळपात शिरले तर त्याला हाकलत नाहीत आणि ठेवूनही घेत नाहीत. आपल्यात मिसळू नये म्हणून गेरूचा टिळा लावतात आणि पहिल्या संधीला धन्याकडे पोचते करतात. तानुबाईच्या घरी आता मेंढरे थोडी उरली होती, पण सवय गेली नव्हती. कंपनीचे सॅम्पल तिच्या लेखी परक्याचे मेंढरू होते. 'हरवू नका' असे बजावून दिलेले. तिने त्यावर गेरू लावला आणि या खेपेला मालासोबत परत धाडला. पूनमला सांगायची गरजही तिला वाटली नाही. परक्याचे परत करायचे, त्यात सांगायचे काय?

यात तिची काही हुशारी नव्हती. उलट, चूकच म्हणा. सॅम्पल घरी ठेवायचे असते, पाहून पाहून माल करायचा असतो, हे तिला कोणी समजावलेच नव्हते. सतीशने सगळ्या प्रकारच्या माणसांचा विचार केला होता. फुकट मिळालेली वस्तू आपणहून परत करणाऱ्या माणसाचा केला नव्हता.

काठी टेकत तानुबाई आत गेली.

"सायेब, हे तुमचं तुमाला नापास झालं."

सतीशने पुडा पाहिला असावा. 

"आजी, चुकून लागली असेल चिठ्ठी."

"चुकून?"

"हो. गर्दीत होतं असं."

"मंग माझ्या मालावर बी चुकूनच लागली आसंल. न्हाई का?"

"तसं नाही, आजी. तुमच्या सूनबाईंचा हात जरा जड आहे, मी त्यांना सांगितलंय."

"ह्या खेपेचा माल मी वळलाय," तानुबाई म्हणाली. "आन् तुमचा कुणी वळला? त्येचा बी हात जड का?"

बाहेर बाकड्यावर काहीतरी हलले. आक्काबाई उठली होती. तिने दारात जाऊन विचारले, "जड हात म्हनलात? मला बी तेच म्हनलं व्हतं. जड हात."

"मला बी," तिसरी म्हणाली.

 चौथीने पदराखालचे पुडे काढून बाकड्यावर ठेवले. मग आक्काबाईने आपले ठेवले, तिसरीने ठेवले. लाल चिठ्ठ्या एका ओळीत आल्या. आक्काबाईने चौथीचा पुडा हातात घेतला आणि दोरा पाहिला.

"गाठ कुणी मारली ही?"

"मीच. घरी."

"माझी बी माझीच हाय. सुटलीच न्हाई की ही. उघडलं कवा मंग ह्यांनी?"

सगळ्या भाग्यश्रीकडे पाहू लागल्या. ती पडद्याचा काठ धरून उभी होती.

"मला उघडायला सांगितलंच नव्हतं," ती हळू आवाजात म्हणाली. "चिठ्ठ्या लावायला सांगितल्या होत्या."

"समद्या तालुक्याचं हात एकदम जड झालं जनू," आक्काबाई म्हणाली. बाकीच्या दोघी हसल्या. त्या बाकड्यावर मी ऐकलेले ते पहिले हसू.

आत सतीश बोलत होता. उद्या पुण्याहून मोठे साहेब येणार आहेत, समोरासमोर बोलू, गैरसमज नको. आवाज तसाच मऊ.  मला भीती वाटत होती की पूनम ते खरे मानून ऐकते आहे. जे माणूस महिनाभर स्वतःच्या हाताला दोष देत आले त्याला तो दोष एका क्षणात सोडवत नाही.

मग तिचा आवाज आला. "रुमाल द्या."

"मॅडम, बुकिंग झालंय. पावती फाडलीय मी."

"हात काढा, सर. पैशे गटाचे हायत."

"बुकिंग रद्द होत नसतं."

यानंतर काय झाले ते मी आक्काबाईच्या तोंडून ऐकले, तिने ते नंतर बाकड्यावर दोनदा सांगितले. सतीशने रुमालावर हात ठेवला होता. तानुबाईने गेरूवाला पुडा त्याच हाताला लावला आणि म्हणाली, "ह्याच्यावर हात ठिवा. हे तुमचं हाय." त्याने पुडा घ्यायला हात उचलला, निव्वळ सवयीने, कोणी काही दिले की घ्यायचे. आणि पूनमने रुमाल ओढून घेतला.

कोंडवाडा

पहिल्या मशीनची अनामत काही मिळाली नाही. सतीश म्हणाला, सोमवारी या. पूनम म्हणाली, सोमवारी तुम्ही असाल कशावरून? तो म्हणाला, बोर्ड आहे ना बाहेर.

तेव्हा तिने बाहेर येऊन मला पाहिले. मला वाटते, पहिल्यांदाच पाहिले. वाचले नाही. माझ्या भोकांतली तार पाहिली, तारेची ढिली गाठ पाहिली. बाकड्यावर चढली.

"काय करतीस गं?" तानुबाईने विचारले.

"आत्या, कुणाचं जनावर आपल्या रानात शिरून पीक खाऊन गेलं तर काय करत्यात?"

"कोंडवाड्यात घालत्यात. भरपाई दिली की सोडत्यात."

"मंग धरा खालनं."

मी हलका होतो. सतीशने मला मुद्दाम हलका निवडला होता, तो गुण त्याच्यावरच उलटला. तो दारापर्यंत आला, पण बाकडेभर बायका उभ्या होत्या. रस्त्यावरचे लोक थांबून बघू लागले होते. त्याला लोकांनी थांबून बघायला नको होते.

एसटीत कंडक्टरने मला पाहिले आणि म्हणाला, "मावशी, ह्याचं लगेज पडंल. काय हाय?"

"जनावर हाय," तानुबाई म्हणाली. "कोंडवाड्यात न्यायचंय."

कंडक्टर हसला. वाकून वाचू लागला. "घरबसल्या वाती... अनामत... आयला, बरं दिसतंय की हे. आमच्या मंडळीला सांगतो. कुठं हाय हे हापिस?"

मित्रांनो, त्या क्षणाची मला अजून धास्ती वाटते. मला उतरवले होते. माझा माणूस मागे राहिला होता. एका बाईच्या काखेत, अटक झालेल्या चोरासारखा मी चाललो होतो. तरीही माझे काम चालूच होते. पूनमने मला फिरवून पालथे धरले आणि कंडक्टरला सगळी हकिकत सांगितली. तो ऐकत राहिला. तिकीट फाडताना एवढेच म्हणाला, "मी आजच भरणार व्हतो बगा."

संध्याकाळी गट जमला. पूनमने मला ओट्याला टेकवून उभे केले, रुमाल कुशाबाईच्या मांडीवर ठेवला, आणि लाल चिठ्ठ्यांचे पुडे, दोन्ही खेपांचे, सगळ्यांच्या मध्ये ओतले. 

"हे कवाचं?" कुशाबाईने विचारले.

"पहिलं महिन्यामागचं."

"महिनाभर झाकून ठिवलंस? आमच्यापसनं?"

"मला वाटलं, माझाच हात वाईट."

कुशाबाई चिडलेली होती, आणि तिला तसा हक्क होता. तिच्या लेकीचे बाळंतपण त्या रुमालात होते.  तिने पुढे होऊन एका पुड्याचा दोरा तोडला. त्या महिन्याभरात कोणीतरी पहिल्यांदाच पुडा उघडत होते. आतली एक वात काढून तिने पणतीत तेलावर ठेवली आणि काडी लावली. सगळ्या पुढे सरकून बघू लागल्या.

"जळतीय की गं," ती म्हणाली. "चांगली जळतीय."

सतीश सोमवारी गाळ्यावर नव्हता. मला सोडवायलाही आला नाही. आता मी वस्तीवर शेरडांच्या गोठ्याच्या तोंडाला उभा असतो, कधी सुलटा, कधी पालथा. माझी काळजी कोणी घेत नाही आणि मी ती मागतही नाही. अधूनमधून कोणीतरी पेपरातले कात्रण घेऊन येते. मध्यंतरी मोबाईलवर मेसेज आला होता, घरबसल्या एसएमएस पाठवून कमवा म्हणून. जे येते ते गटात मोठ्याने वाचले जाते आणि प्रत्येक ओळीला कोणीतरी अडवते. सतीश कुठे असेल? माझ्या जागी नवा पत्रा आला असेल, याची मला खात्री आहे. तो कोणत्या रंगाचा आहे ते मात्र मला माहीत नाही. म्हणून तुम्हाला रंग सांगून उपयोग नाही.

मला सांगायचे आहे ते त्या बाकड्याविषयी. चार बायका खांद्याला खांदा लावून बसल्या होत्या. चौघींना एकच खोटे सांगितले गेले होते आणि प्रत्येकीला ते खरे वाटत होते, कारण ते एकटीला, हळू आवाजात सांगितले होते. माझ्यावरची अक्षरे कितीही मोठी असोत, सतीशचा धंदा त्यांच्यावर चालत नव्हता. तो पदराखालच्या पुड्यांवर चालत होता.

मित्रांनो, तुम्हाला कोणी कधी नापास म्हटले, आणि ते कोणाला सांगू नका असेही म्हटले, तर घरी जाण्याआधी शेजारी बसलेल्याकडे वळा. त्याला विचारा, तुला काय म्हणाले? आणि तुमचा पुडा बाहेर काढून त्याच्यापुढे ठेवा.